माझे साचे बघ

माझ्या नातीच्या फोनला म्हणे माणसाचं तोंड वाचता येतं. मी म्हटलं, बाई गं, एकाच माणसाचं तोंड बघत माझे केस पांढरे झाले, तरी मला ते धड वाचता आलं नाही, आणि तुझा हा काल आणलेला डबा काय दिवे लावणार? आकांक्षा नुसती हसली. ती हसली की थेट आपल्या आजोबांसारखी दिसते, म्हणून मग मला पुढे भांडता येत नाही.

तर सांगायचं म्हणजे, गणपतीच्या आधी आमच्या यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात, उजवा पाय, तोंडाची उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, आजोबांना समजतंय सगळं, पण बोलायला शब्द सापडत नाहीत. मी मनात म्हटलं, माझ्याकडचे घ्या, माझ्याकडे पोत्याने पडलेत.

लालबागला आमची चाळ, दुसऱ्या मजल्यावरची शेवटची खोली. दारासमोर कॉट टाकली, म्हणजे गॅलरीतून येणारेजाणारे दिसतील, कुणी हाक मारील. खाणंपिणं हळूहळू रुळावर आलं. झोप मात्र रुसली ती रुसलीच. दुपारी जेवण झालं की डोळे जड व्हायचे, पापणी लागायची, की लगेच दचकून उघडायची. मग डाव्या हाताने कॉटची कड घट्ट धरून हे माझ्याकडे बघत राहायचे. भुवया एकमेकींना भिडलेल्या, कपाळाला आठ्या, ओठांचा चंबू करून तो एका बाजूला फिरवलेला. मी विचारायची, पाणी हवंय? कूस बदलू? उशी टोचतेय? कशालाच हो नाही. थोड्या वेळाने पुन्हा तेच तोंड.

माझा मुलगा दीपक डोंबिवलीला राहतो. तो म्हणायला लागला, आई, बाबांना माझ्याकडे नेतो. तिथे लिफ्ट आहे, संडास घरात आहे, दिवसभराला सांभाळायला ब्यूरोचा माणूस ठेवू, तुझ्याच्याने आता उचलाउचल होत नाही. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं, म्हणून तर मला जास्त राग यायचा. बरं, मी कशी जाणार? चाळ पाडायची बोलणी चाललीत, खोलीत कोण राहतं ते बघायला सर्वेवाले कधीही उगवतात, आणि खोलीला कुलूप दिसलं की शंभर भानगडी. म्हणजे हे तिथे आणि मी इथे. लग्न झाल्यापासून आम्ही दोन छपरांखाली झोपलो ते फक्त माझ्या बाळंतपणात. मी दीपकला म्हटलं, ते इथे माझ्याजवळ सुखात आहेत. तो म्हणाला, कशावरून? त्यांनी सांगितलं का तुला?

मी फोन ठेवून दिला.

आकांक्षा ही दीपकची मुलगी. लोअर परळला नोकरी लागल्यापासून आठवडाभर आमच्याकडेच असते, शनिवारी डोंबिवलीला जाते. तिचं ऑफिस काचेच्या उंच बिल्डिंगीत आहे, तिथे पूर्वी मिल होती. यांची नव्हे, दुसरी. यांच्या मिलच्या जागी मॉल झालाय. तिची कंपनी दुकानांत कॅमेरे लावते आणि गिऱ्हाईक खूश आहे की वैतागलंय ते कंप्युटर तोंडावरून ओळखतो. त्या कंप्युटरला शिकवायचं काम आकांक्षाचं. दिवसभर बसून अनोळखी माणसांचे चेहरे बघायचे आणि एकेकाला शब्द चिकटवायचा, आनंद, राग, दुःख, भीती, असे. लाखो चेहरे दाखवले की ते शिकतं म्हणे. मी विचारलं, आणि ‘चाललंय आपलं’ असं तोंड असेल तर? ती म्हणाली, त्याला न्यूट्रल म्हणायचं. म्हणजे अख्खा लालबाग एका शब्दात आटोपला.

तिचा हेतू चांगला होता, खोटं कशाला बोलू. तिला आमची रोजची फोनवरची भांडणं बघवेनात. ती म्हणाली, आजी, तुझं नको आणि पप्पांचंही नको, आबांचा चेहराच सांगू दे ते कुठे खूश आहेत. दीपक कबूल झाला. मीही झाले, कारण मला माझ्याविषयी जरा जास्तच खात्री होती.

पहिल्या दिवशी तिने फोन स्टुलावर उभा केला. यांच्या तोंडाभोवती एक चौकोन आला आणि खाली शब्द. शब्द मराठीत दिसतील अशी सोय तिने मुद्दाम माझ्यासाठी केली होती. मी शिऱ्याचा चमचा तोंडात घातला आणि चौकोनाखाली हिरव्या अक्षरांत आलं, आनंद. आम्ही दोघींनी लहान मुलींसारख्या टाळ्या पिटायच्या तेवढ्या बाकी राहिल्या. शेजारच्या बायका बघायला आल्या. मी त्यांना सांगितलं, बघा, आमच्या हातच्या शिऱ्याला कंप्युटरची पावती.

दुपारी भांडी आवरून मी यांच्यासमोर बसले, तर हे डोळे उघडून माझ्याकडे. तेच तोंड. भुवया जवळ, ओठांचा चंबू. चौकोनाखाली लाल अक्षरांत आलं, राग. मी म्हटलं, चुकलं असेल. आकांक्षाने फोन पुसला, उजेड बदलला. राग. दुसऱ्या दिवशी राग, तिसऱ्या दिवशी राग. आणि तो फक्त माझ्याकडे बघताना. गॅलरीतून कुणी गेलं तर नाही, आकांक्षा बसली तर नाही, मी समोर आले की राग. आकांक्षा सारवासारव करायला लागली, की अर्ध्या चेहऱ्याला हे चुकतं, याला सरळ चेहरे बघायची सवय आहे. मी म्हटलं, राहू दे. सासूने कधी दिलं नाही ते सर्टिफिकेट तुझ्या फोनने दिलं.

त्या दिवशी मी घासलेली भांडी पुन्हा घासली. काय चुकलं माझं? शू-शी काढली, अंग पुसलं, भरवलं. बाई, फार लागलं मला ते.

आणि तोंडाचं म्हणाल तर या माणसाच्या तोंडाशी माझं भांडण लग्नापासूनचंच आहे. हे मिलमध्ये साचेवाले. साचा म्हणजे कापड विणायचा माग. साचेखात्यात असा खडखडाट, की शेजारच्याने कानात ओरडलं तरी ऐकू येत नसे. म्हणून तिथली माणसं तोंडाने बोलतच नसत, तोंड करून बोलत. भुवई उडवली की एक अर्थ, गाल फुगवला की दुसरा. आठ-आठ तास तेच, मग घरी आल्यावर तोंड थोडंच बदलतं? लग्न होऊन मी सावंतवाडीकडून नवी नवी आले, चहाचा कप पुढे केला, तर यांनी गाल आत ओढून डोळे मोठे केले. मला वाटलं, वेडावतायत. मी दोन दिवस बोलले नाही. नंतर कळलं की साखर कमी आहे एवढंच म्हणायचं होतं.

दसऱ्याला मिलमध्ये बायकापोरांना आत सोडायचे. साच्यांना झेंडूच्या माळा, फरशी धुतलेली, पेढ्यांचे पुडे, आणि रोज कापसाची म्हातारी झालेले आमचे पुरुष त्या दिवशी इस्त्रीचे शर्ट घालून उभे. पोरांनी हट्ट केला म्हणून दोन साचे चालू करून दाखवले. मला माझाच श्वास ऐकू येईना. आणि त्या आवाजात हे आणि यांचा शेजारचा साचेवाला गंगाधर, दोघं समोरासमोर उभे राहून नुसत्या तोंडांनी काय काय बोलले आणि खो खो हसले. मी नवी साडी नेसून मध्ये उभी, खुळ्यासारखी. शेजारच्या साच्यावरच्याला तिथे जोडीदार म्हणत. हे घरी येताना मला कौतुकाने म्हणाले, हा गंगाधर, माझा जोडीदार. म्हणजे लग्न माझ्याशी आणि जोडीदार तो. मी तिथेच, भारतमाता टॉकीजच्या नाक्यावर, सांगून टाकलं की हे माकडचाळे मिलच्या गेटाबाहेर आणायचे नाहीत, माझ्याशी तोंडाने बोलायचं. आणि बोलले हो बिचारे, जन्मभर तोंडाने बोलले. संप झाला, मिल बंद पडली, यांनी वॉचमनकी केली, कुरियर केलं, कान निम्मे गेले, पण माझ्याशी ते तोंड परत केलं नाही. ती भाषा मिलबरोबर गेली असं मी धरून चालले होते.

नाताळच्या सुट्टीत दीपकने यांना आठ दिवस डोंबिवलीला नेऊन बघायचं ठरवलं. आकांक्षाही सुट्टीवर होती, ती बरोबर गेली. मी इथे. खोलीत कॉट रिकामी आणि मी दोन माणसांचा भात लावतेय. तिसऱ्या दिवशी व्हिडिओ आला. हे स्वच्छ दाढी करून खुर्चीत बसलेले. ब्यूरोचा माणूस, संघर्ष नावाचा धिप्पाड मुलगा, गोळ्या घेऊन आला, तर हे डावीकडचे दात दाखवून हसले. खाली हिरवं, आनंद. माझी सून दर्शना रुमाल घेऊन आली, आनंद. दीपक खुर्ची सरळ करायला आला, आनंद, आनंद. मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते विचारू नका. संसारात एवढे दात यांनी माझ्याकडे बघून कधी दाखवले नव्हते. आपलेच दात नि आपलेच ओठ, तक्रार करायची कुणाकडे.

मी दीपकला फोन करून सांगितलं, संक्रांत इथे होऊ दे, मग ने त्यांना. जिंकल्यासारखं काही बोलला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडता आलं असतं. तो फक्त म्हणाला, आई, तू रडतेयस का? मी म्हटलं, तुझ्या लेकीच्या फोनला विचार.

आठ दिवसांनी हे परत आले. झोप तिथेही लागली नव्हती, आणि इथे आल्या आल्या दुपारी माझ्याकडे बघून पुन्हा तेच तोंड. मी उठून मोरीत गेले. यांचे सदरे, लुंग्या, औषधांचा डबा, सगळं एका बॅगेत भरून कॉटखाली ठेवलं.

संक्रांतीला गंगाधरभावजी आले. ते आता शीव कोळीवाड्याला लेकीकडे असतात, गुडघे धरलेत, कानाशी ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. यांना झटका आल्यापासून येऊ येऊ म्हणत होते, आता लवू, म्हणजे आमचे हे, डोंबिवलीला चालला म्हटल्यावर लेकीच्या मागे लागून टॅक्सी करून आले. काठी टेकत आत आले, खिशातून पुडी काढली आणि सवयीने म्हणाले, तिळगूळ घे, गोड बोल. म्हणाले आणि त्यांचं त्यांनाच कळलं. कॉटपाशी तसेच उभे राहिले. मग त्यांनी काठी भिंतीला लावली, एक भुवई वर नेली, खालचा ओठ बाहेर काढला आणि मान किंचित वाकडी केली.

आमच्या यांची डावी भुवई टुणकन उडाली.

बाई, पुढे काय झालं ते कसं सांगू. गाल, ओठ, हनुवटी, डोळे, सगळं चाललेलं. एकाचं पूर्ण तोंड, एकाचं अर्धं, पण कुणाचं कुठे अडत नव्हतं. गंगाधरभावजी मध्येच हसून खोकायचे, हे मध्येच नाक फेंदारायचे. खोलीत आवाज नाही, आणि मला मात्र दसऱ्याचा तो खडखडाट ऐकू यायला लागला, झेंडूचा वास आला. आकांक्षाने फोन धरला होता. भीती, आनंद, किळस, आश्चर्य, राग, पुन्हा आनंद. शब्द असे पळत होते की फोनलाच भोवळ आली असावी. या वेळी मी मध्ये उभी राहिले नाही. खाली फरशीवर बसले आणि बघत राहिले.

चहा झाल्यावर आकांक्षाने त्यांना डोंबिवलीचा व्हिडिओ दाखवला, कानाशी ओरडून सांगितलं, बघा, आबा तिकडे किती हसतायत. भावजींनी चष्मा वर केला, बघितलं, आणि काठी आपटून हसायला लागले.

“ह्यो हसता खंय? ह्यो सांगता, जॉबर इलो!”

आकांक्षाला मालवणी कळते पण जॉबर कळेना. जॉबर म्हणजे खात्यातला मुकादम, साचेवाल्यांवर नजर ठेवणारा. यांच्या खात्यात रघुवीर म्हणून जॉबर होता, त्याचा डावीकडचा एक दात सोन्याचा. तो रांगेत शिरला की ज्याला पहिला दिसेल त्याने डावीकडचे दात दाखवायचे, की पुढच्याने पुढच्याला. एका मिनिटात अख्ख्या खात्यात दात, आणि सगळे आपापल्या साच्यावर सावध. भावजी म्हणाले, मिलमध्ये उगाच दात काढून कोण हसायचा हो, हसायला तोंड मोकळं होतं कुठे. आकांक्षाने व्हिडिओ पुन्हा लावला. संघर्ष गोळ्या घेऊन आला, जॉबर आला. दर्शना रुमाल घेऊन आली, जॉबर आला. ती आधी हसली, मग हसायची थांबली.

मी मात्र दुपारच्या त्या रागाच्या तोंडावर अडले होते. दुसरं तोंड विचारू की नको? आणि मी विचारायच्या आधीच यांनी माझ्याकडे बघून ते केलं. भुवया जवळ, ओठांचा चंबू, बाजूला फिरवलेला. मी भावजींच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, हे काय ते पण सांगून टाका, शिवी असली तरी सांगा. त्यांनी यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचं हसू गेलं.

“वहिनी, हे तर तो मला म्हणायचा. माझे साचे बघ, मी आलोच.”

एकेकाकडे दोन साचे असत, त्यांनी मला समजावून सांगितलं. साचा बंद ठेवता येत नाही आणि माणसाला तर पाणी प्यायला, बिडी मारायला, लघवीला जावं लागतं. मागे धागा तुटला आणि कुणाचं लक्ष नसलं तर कापड बिघडतं, जॉबर फाडून खातो. म्हणून जायच्या आधी जोडीदाराला सांगायचं, ओठाने आपल्या साच्यांकडे दाखवायचं, माझे साचे बघ. हे ज्याला त्याला सांगत नाहीत, भावजी म्हणाले. माझ्या बाजूला दुसरा कुणी बदलीवाला आला तर लवू पाळीभर जागचा हलायचा नाही. मी विचारलं, मग याला उत्तर काय द्यायचं? त्यांनी दोन्ही डोळे मिटले आणि हनुवटी एकदा छातीला लावली. म्हणजे बघतो, तू जा.

“आणि उत्तर दिलंच नाही तर?”

“तर उभं राहायचं, वहिनी. उत्तर मिळाल्याशिवाय साचेवाला हलत नाय.”

मी यांच्याकडे बघितलं. गणपतीच्या आधीपासून संक्रांतीपर्यंत हा माणूस रोज दुपारी झोप डोळ्यांवर घेऊन मला विचारत होता, आणि मी त्याला पाणी हवंय का म्हणत होते. डोळा लागला की दचकून उठत होता, साचे चालू आहेत आणि कुणी बघत नाहीये म्हणून. राग कसला हो? मी ज्याला तोंडाने बोलायची सक्ती केली त्या माणसाने तोंड गेल्यावर पहिली गोष्ट केली ती ही, की मला जोडीदार केलं. मला रडू आलं, चांगलं हुंदके देऊन आलं, आणि मी ते लपवलं नाही.

मी भावजींना म्हटलं, तुम्हीच द्या ना उत्तर, तुमचं त्यांना पटेल. ते म्हणाले, मला कुठे विचारलंय त्याने? आकांक्षा म्हणाली, आजी, मी हे सगळं रेकॉर्ड करून घेते आणि फोनला शिकवते. मी म्हटलं, आधी मला शिकू दे, त्याला काय घाई आहे.

आणि तरी, ऐका, मी उत्तर दिलं नाही. भावजी गेले, हे माझ्याकडे बघत राहिले, आणि माझी हनुवटी काही खाली जाईना. मला भीती वाटली. आपल्यात उंबऱ्याबाहेर पडताना कुणी जातो म्हणत नाही, येतो म्हणतात. संपाच्या वेळी याच चाळीतून किती जण गावाला गेले, ट्रंका उचलून, आम्ही आलोच, जरा खोलीवर लक्ष ठेवा म्हणून. समोरच्या गंगूबाईने मला तुळशीची कुंडी दिली होती सांभाळायला. कोण आलं परत? त्या तुळशीला मी किती वर्षं पाणी घातलं. आणि आता यांना मी मान हलवून सांगू, की जा? समजा गेलेच तर? समजा इतके दिवस हे थांबलेत ते नुसते मी उत्तर दिलं नाही म्हणूनच? मी मनाशी म्हटलं, नाही देत जा. दुसऱ्या दिवशीही दिलं नाही. हे विचारत राहिले. डोळ्यांखाली काळं धरलं होतं, मान कलंडत होती, पण कॉटची कड सोडत नव्हते.

रविवारी दीपक गाडी घेऊन आला, दर्शनाही होती. आकांक्षाने त्यांना सगळं सांगितलं. दीपकचा विश्वास बसेना. तो म्हणाला, गंगाधरकाका म्हातारे झालेत, काहीही सांगतात. आणि बाबांना उठवून बसवावं म्हणून त्याने त्यांच्या काखेत हात घातला. यांनी डावीकडचे दात दाखवले. दीपकने हात काढला, दात मिटले. पुन्हा घातला, पुन्हा दात. तो कॉटच्या कडेला तसाच बसून राहिला. एवढा मोठा बाप्या, पण तोंड शाळेत मार खाल्ल्यासारखं झालं होतं.

“आई, मी जॉबर?”

मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हटलं, जॉबर वाईट नसतो रे. पण त्याच्यासमोर माणसाला पाय पसरून बसता येत नाही एवढंच. दीपकने कॉटखालची बॅग ओढली, उघडली आणि बापाचे सदरे एकेक करून परत कपाटात ठेवले. म्हणाला, संघर्षला सकाळी इथेच पाठवतो, उचलायला. मी लगेच हो म्हटलं. माझीही कंबर काही लोखंडाची नाही.

जेवणं झाली. खाली मसाला गल्लीत मिरच्या भाजत होते, दर्शना शिंकत होती. यांचे डोळे जड झाले, मिटले, दचकून उघडले आणि मला शोधायला लागले. सापडल्यावर भुवया जवळ आल्या, ओठ बाजूला फिरले. दीपकने बघितलं, दर्शनाने बघितलं. खोलीत सगळे माझ्याकडे बघतायत. आकांक्षा हळूच म्हणाली, आजी, दे ना गं.

मी म्हटलं, देते, माझ्या पाठी लागू नको. मी पदराने तोंड पुसलं आणि कॉटपाशी गेले, अगदी समोर, दसऱ्याला गंगाधरभावजी उभे होते तशी. माणूस किती दमला होता, ते दिसायला मला कुठला फोन लागला नाही. माझी भीती माझ्यापाशी, त्यासाठी त्यांना किती उभं करायचं? तरी मी तोंडाने बोललेच, सवय जाते थोडीच.

“परत यायचं, कळलं? आलोच म्हणून पसार व्हायचं नाही.”

मग मी दोन्ही डोळे मिटले आणि हनुवटी छातीला लावली.

डोळे उघडले तर यांच्या कपाळावरची एकेक आठी सुटत होती. ओठ जागेवर आले. कॉटची कड धरलेला डावा हात सैल झाला आणि अंथरुणावर पडला. यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि डोळे मिटले. या वेळी दचकून उघडले नाहीत. दीपक घाबरून पुढे झाला, नाकाशी बोटं धरली. घोरणं सुरू झालं तेव्हा त्याच्या जिवात जीव आला, आणि माझ्याही. आकांक्षाच्या हातातल्या फोनवर चौकोनाखाली न्यूट्रल आलं होतं. तिने मला दाखवलं, मी म्हटलं, बरोबर आहे, चाललंय आपलं. तिने फोन पालथा ठेवला.

संध्याकाळी दिवेलागणीला जाग आली. जाग आल्या आल्या मान वळवून आधी मला शोधलं. मी स्टुलावरच होते, उठलेच नव्हते, पाय बधिर झाले होते. मला बघून यांनी गाल आत ओढले आणि डोळे मोठे केले. मी चहा टाकला आणि साखर जास्त घातली.

आता रोज दुपारी हे विचारतात आणि रोज मी सांगते, बघते, तुम्ही जा. एक दिवस हे जातील आणि परत यायचे नाहीत, हे मला ठाऊक आहे, मी काही कुक्कुलं बाळ नाही. पण विचारल्याशिवाय जायचे नाहीत. आणि मग मी इथेच बसेन, यांचे साचे बघत.